पाटी, हलगे आणि नाटकवाल्यांचा पडदा

माझ्या सासरी पाटी म्हणजे टोपली. तिला दुसरा काही अर्थ असतो हे तिथं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. लग्न होऊन मी म्हैसूरला आले त्याच्या तिसऱ्याच दिवशी हे मला कळलं, आणि तेही चांगली फजिती होऊन.

घर मंडी मोहल्ल्यात होतं. सकाळी मी ओसरी झाडत होते. भिंतीला एक चार हात लांब फळी टेकून ठेवलेली होती. फळीला निळा रंग दिलेला आणि त्यावर पांढरी कानडी अक्षरं. दुकानाची पाटी आहे एवढं मला समजलं. झाडताना ती मध्ये येत होती, म्हणून मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, ही पाटी जरा हलवू का?"

त्या आतून म्हणाल्या, "हलवतेस कशाला? आतच आण की. निवडायला घेते."

पाटीत निवडण्यासारखं काय असतं ते मला कळेना. पण नवी सून उलट कशी विचारणार? मी फळी उचलली, आडवी धरली, मग उभी धरली आणि कशीबशी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणली. आत्याबाई विळी पुढ्यात घेऊन कोथिंबिरीच्या टोपलीची वाट बघत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अय्यो! हलगे का आणलीस ग आत?"

हलगे म्हणजे कानडीत फळी, हे मला तेव्हा कुठं ठाऊक! माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, हलगी म्हणजे गळ्यात अडकवून वाजवायचं वाद्य. मी फळीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि घाबरून म्हणाले, "ही वाजत नाही, आत्याबाई."

तेवढ्यात मागून हे आले. लग्नापासून आमचं दोघांचं एक वाक्यसुद्धा बोलणं झालं नव्हतं. यांनी शांतपणे फळीचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाले, "बोर्डु आहे तो. रंग ओला आहे." तेव्हा मी खाली बघितलं. माझ्या नव्या लुगड्यावर एक आख्खं कानडी अक्षर उलटं उमटलं होतं. यांना हसू आवरेना. मला रडू आवरेना. आत्याबाई म्हणाल्या, "साकु, साकु, दोघंही पुरे करा," आणि स्वतः उठून टोपली घेऊन आल्या.

त्या घराची भाषा मराठीच होती, पण ती तीन पिढ्या म्हैसूरच्या पाण्यात भिजलेली. आमची जात रंगाऱ्यांची. सासऱ्यांचे, म्हणजे मामंजींचे, आजोबा कापड रंगवायचा आणि छापायचा धंदा घेऊन इकडे आले होते. माझ्या वडिलांनी तो धंदा सोडून शाळेत मास्तरकी धरली होती, म्हणून मला लिहितावाचता येत होतं. वडील रोज बोरूनं कित्ता गिरवून घेत. अक्षर वाकडं आलं की ओरडत नसत, फक्त पान उलटून नवीन पुढं करत. त्या विद्येचा सासरी काही उपयोग होईल असं त्यांना किंवा मला वाटलं नव्हतं.

मामंजींचा धंदा मी आले तेव्हा जवळजवळ बसला होता. गिरणीचं छापील कापड बाजारात आलं आणि हातानं छापलेल्या कापडाला गिऱ्हाईक उरलं नाही. मागच्या अंगणात निळीचे दोन हौद कोरडे पडले होते. सागवानी ठशांची एक पेटी होती, तिला मामंजी दर पंधरा दिवसांनी उघडून एकेका ठशाला तेलाचा हात लावत आणि पुन्हा मिटून ठेवत. एकुलता एक मुलगा दुकानांचे बोर्ड रंगवतो याचं त्यांना वाईट वाटे. बंगळूरच्या छावणीत एका कारागिराकडे राहून हे ती कला शिकले होते. कानडी आणि इंग्रजी, दोन्ही अक्षरं सफाईनं काढत.

मामंजी जेवताना म्हणत, "दुकानाला बोर्डु कशाला लागतो रे? माल चांगला असला की माणूस वास काढत येतो. आणि गावाला काही सांगायचंच असेल तर डंगुरा पिटायचा." डंगुरा म्हणजे आमच्याकडची दवंडी.

हे पानावरचा भात कालवत राहत.

दर शुक्रवारी आत्याबाई मला देवीच्या देवळात घेऊन जात. वाटेत बाजार लागे. तिथल्या पाट्यांवरून मी कानडी शिकले असं म्हटलं तर खोटं होणार नाही. मी विचारायची, "आत्याबाई, इथं काय लिहिलंय?" त्यांना अक्षर येत नव्हतं, पण प्रत्येक दुकान पाठ होतं. "हे अत्तरवाल्याचं. हे पितळी भांड्याचं. ते पलीकडचं लबाडाचं, तिथं बघूसुद्धा नको." मी दुकानाचं नाव आणि अक्षरं मनातल्या मनात जुळवत जायची. घरी येऊन यांच्या खडूनं जमिनीवर काढून बघायची. चार महिन्यांत मला सोपी कानडी वाचता यायला लागली. एकदा मी लबाडाची पाटी मोठ्यानं वाचली, "शुद्ध तूप," आणि आत्याबाई भर रस्त्यात पदर तोंडाला लावून हसल्या. पण घरी गेल्यावर शेजारणीला म्हणाल्या, "आमची सून भिंती वाचते, आणि इकडे सांबार उतू जातं." त्यातलं सांबाराचं खरं होतं.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आधी महाराष्ट्रातून एक नाटक कंपनी म्हैसूरला आली. दसऱ्याला लांबलांबून माणसं येत, बैलगाड्यांची रीघ लागे, म्हणून खेळ करणाऱ्यांचाही तेव्हाच सुकाळ. या लोकांनी मैदानावर मोठा मांडव घातला होता. गावात मराठी बोलणारी घरं कोणती याची त्यांनी चौकशी केली असावी, कारण एका दुपारी त्यांचा एक गडी आमच्या दारात उभा राहिला. हे कामावर गेले होते, मामंजी झोपले होते, मी विहिरीवर होते. निरोप आत्याबाईंनी घेतला.

"मॅनेजरसाहेबांनी सांगितलंय, दोन मोठ्या पाट्या हव्यात. परवापर्यंत मिळाल्या तर फार बरं होईल."

मी आले तेव्हा आत्याबाई लगबगीनं कोठीत शिरल्या होत्या. म्हणाल्या, "आपल्या भाषेची माणसं परगावी आली आहेत. त्यांच्याकडे धड टोपल्यासुद्धा नाहीत ग! आता रिकामी पाटी कशी द्यायची कुणाला?"

त्यांनी बाजारातून बांबूच्या दोन मोठाल्या टोपल्या मागवल्या. एकीत पोहे, शेंगदाणे आणि गूळ भरला. दुसरीत नारळ, केळी आणि वर मोगऱ्याचे गजरे, "त्यांच्यात बायका असतील" म्हणून. त्या कंपनीत बायकांची कामं पुरुषच करतात हे मला ठाऊक होतं, पण आत्याबाईंचा उत्साह बघून मी त्यांना अडवलं नाही. संध्याकाळी दोन्ही पाट्या मांडवावर पोचल्या. पाट्या म्हणजे त्यांना काय हवं असेल याचा संशय मला आला का? आला होता. खरं सांगते, आला होता. पण निरोप मी कानांनी ऐकला नव्हता, आणि "आत्याबाई, तुमचं चुकतंय" म्हणायची माझी छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर स्वतः आले. पन्नाशीचे, डोक्याला पागोटं, अंगावर उपरणं, गोड बोलणारे गृहस्थ. ओसरीवर मामंजी आणि यांच्याशेजारी बसले आणि हात जोडून आत्याबाईंना म्हणाले, "मावशी, गेली वीस वर्षं मी गावोगाव हिंडतोय. पण पाट्या मागितल्यावर पोहे देणारं घर मला आजवर भेटलं नव्हतं."

आत्याबाईंना कळेना हे कौतुक की टोमणा. मग यांनी खुलासा केला की त्यांना टोपल्या नाही, बोर्ड हवेत. आत्याबाईंचा चेहरा एवढासा झाला. मॅनेजरांनी ते बघितलं असावं. ते लगेच म्हणाले, "छे छे, चूक माझीच. मी जाहिरात म्हणायला हवं होतं."

"जाहीरातु?" आत्याबाई एकदम म्हणाल्या. "मग तसं सांगायचं की! तो शब्द आमच्यात आहे."

कानडीतही तोच शब्द होता. मराठी माणसाला आणि म्हैसूरकरणीला एकाच वेळी कळेल असा एक शब्द सापडला म्हणून सगळेच मोकळे हसले, आणि कॉफी आली.

मॅनेजरांना एक फळी मांडवाच्या दारावर हवी होती, कानडीत. आणि एक मोठं कापड, बाजाराजवळच्या रस्त्यावर दोन झाडांमध्ये ताणून बांधायला. ते त्याला पडदा म्हणाले. त्यावरचा मजकूर मराठीत हवा होता. "गावात आपली पुष्कळ माणसं आहेत असं ऐकतो. पलटणीतल्या जुन्या घराण्यांतली, तुमच्यासारखी रंगारी. त्यांना आपली अक्षरं दिसली पाहिजेत."

यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. म्हणाले, "मराठी बोलतो आम्ही. लिहायला कुणी शिकवलं नाही." हे सांगताना यांची मान खाली गेली होती. दोन लिप्यांत अक्षरं काढणारा माणूस, आणि स्वतःच्या भाषेचं एक अक्षर येत नाही हे परक्यासमोर कबूल करत होता. मला ते बघवेना. मी दाराआडून, सासरे ओसरीवर बसलेले असताना, पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

"मी काढून देते. यांनी रंग भरावा."

मामंजींनी पानाचा डबा उघडला आणि बंद केला. मग आत्याबाई म्हणाल्या, "हौदु, हो, तिला येतं. भिंतीवरचं सगळं वाचते ती."

मांजरपाटाचं दहा हात कापड आणून त्याला खळ दिली. अंगणात ते जमिनीवर पसरलं. यांनी आणि मी दोन टोकांना बसून गेरूचा दोरा मारला, एक सरळ लाल रेघ उमटली, आणि तिच्याखाली मी कोळशानं अक्षरं काढली. कित्त्यावरची अक्षरं बोटाएवढी असतात. इथं एकेक अक्षर वीतभर. पहिलाच "श" काढताना मला तीनदा पुसावं लागलं. हे उभे राहून लांबून बघत आणि सांगत, "जवळून बरोबर वाटतं, पण लांबून पोट सुटल्यासारखं दिसतं." त्यांना अक्षराचा अर्थ कळत नव्हता, पण त्याचा तोल अचूक कळत होता. आम्ही दोघं लग्नानंतर इतका वेळ एकमेकांशी बोललो ते पहिल्यांदाच, आणि सगळं बोलणं काना-मात्रांचं.

मजकूर असा होता: शनिवारपासून रोज रात्री मराठी संगीत नाटकाचा खेळ. माता-भगिनींसाठी बसण्याची निराळी सोय.

गुरुवारी दुपारी पडदा झाडांना बांधला. संध्याकाळी वारा सुटला. कापड शिडासारखं फुगलं, दोऱ्या करकरल्या, आणि बघता बघता "नाटकाचा" या शब्दाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत टरकन फाटलं. हे चिंध्या खांद्यावर टाकून घरी आले. ओसरीवर ठेवल्या आणि हातपाय धुवायला गेले. शनिवार दोन दिवसांवर होता. मी त्या फाटक्या कापडाजवळ जाऊन बसले. आमची दोघांची तीन दिवसांची मेहनत होती ती.

मामंजी उठून आले. इतके दिवस त्यांनी त्या कापडाकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. आता खाली वाकले, कड बोटांत धरून चोळली, खळीचा वास घेतला.

"खळ जास्त झाली," ते म्हणाले. "आणि बांधलंत कसं? फळीसारखं ताणून?"

हे दारात उभे होते. म्हणाले, "हो."

"कापड आहे ते, हलगे नव्हे. कापडाला वाऱ्याशी भांडायला लावायचं नसतं, त्याला वाट द्यायची असते. तळ्यावर शंभर शंभर हात कापड वाळवलंय आम्ही. एक तरी फाटलं का?"

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून ते आमच्याबरोबर अंगणात होते. त्यांनी जुन्या साठ्यातलं जाड कापड काढून दिलं. खळ स्वतः शिजवली. मी अक्षरं काढायला बसले तेव्हा माझ्यामागे उभं राहून बराच वेळ बघत राहिले. "तुझी अक्षरं बरी आहेत ग. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी, सगळी वरून टांगलेली. पण दोन कपड्यांत अंतर ठेव. ओली असताना चिकटतात." मी अंतर वाढवलं आणि ओळ एकदम मोकळी दिसायला लागली.

रंग वाळल्यावर त्यांनी कात्री घेतली आणि अक्षरांच्या मधल्या रिकाम्या जागी अर्धचंद्राच्या आकाराचे काप दिले, आठ की दहा. "वारा यातून जाईल," ते म्हणाले. मग आत जाऊन ठशांची पेटी घेऊन आले. कडेनं चारी बाजूंना त्यांनी हिरमुजी तांबड्या रंगात वेलबुट्टीची पट्टी छापली. तो ठसा बसवायचा, मुठीनं ठोकायचा, उचलायचा, पुन्हा बसवायचा. कुठंही सांधा दिसला नाही. हे त्यांच्या बाजूला रंगाचं ताट धरून सरकत होते. छापून झाल्यावर मामंजी कंबर धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आता जरा घरचं दिसतंय."

शुक्रवारी संध्याकाळी तो पडदा वर चढला. वारा आला, कापड श्वास घेतल्यासारखं हललं आणि तसंच राहिलं.

पडद्याच्या गडबडीत शुक्रवारचं देऊळ चुकलं होतं, म्हणून शनिवारी सकाळी मी आत्याबाईंबरोबर देवळात निघाले. पडद्याखाली पंधरावीस माणसं जमली होती. त्यात मराठी बोलणारीच जास्त. पलटणीच्या घराण्यातले एक भरघोस मिशांचे आजोबा काठी टेकून वर बघत होते. बाकीच्यांना विचारत होते, "आपलंच आहे म्हणतात. पण लिहिलंय काय?" कुणालाच सांगता येईना. त्या सगळ्यांनी आयुष्यभर घरात मराठी बोललेली. तिचं तोंड मात्र त्यांनी असं कापडावर कधी बघितलं नव्हतं.

आत्याबाई थांबल्या. माझ्या कोपराला धरून म्हणाल्या, "वाच."

"इथं? रस्त्यात?"

"मग काय घरी जाऊन वाचणार? वाच ग. सगळ्यांना ऐकू येईल असं."

मी पदर पुढं ओढला आणि वाचलं. आवाज पहिल्या शब्दाला चिरकला, मग बसला. आजोबांनी हात कानामागे धरला होता. "खेळ म्हणजे? कुस्ती का?" त्यांनी विचारलं. दसऱ्यात कुस्त्यांचे फड लागतच, त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही, नाटक. गाण्यांचं." मागं उभ्या असलेल्या एका बाईनं पुढं सरकून विचारलं, "ते शेवटचं पुन्हा सांग. बायकांचं काय म्हणालीस?" मी पुन्हा वाचलं, "माता-भगिनींसाठी बसण्याची निराळी सोय." मग दुसरीनं वाचायला लावलं, मग तिसरीनं. मी पाच-सहा वेळा तरी वाचलं असेल. दर वेळी आत्याबाई बाजूला उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "आमची सून आहे. तिनंच लिहिलंय. कडेची बुट्टी यांची. रंग मुलाचा." त्या दिवशी देवळात पोचायला आम्हाला इतका उशीर झाला की पुजारी दार ओढून घेत होते.

बायकांची बाजू तीन दिवस भरून गेली असं मॅनेजर सांगत. आम्ही सगळे रविवारी गेलो. मामंजी पहिल्या अंकात झोपले आणि गाणं सुरू झालं की जागे होत. कंपनी गावातून निघाली तेव्हा मॅनेजर पडदा घडी घालून परत द्यायला आले होते. मामंजींनी घेतला नाही. म्हणाले, "पुढच्या गावी लावा. वाऱ्याचं भय नाही त्याला." म्हणून तो पडदा माझ्या सासऱ्यांच्या बुट्टीसकट धारवाडकडे गेला, आणि पुढं कुठं कुठं फिरला ते मला ठाऊक नाही.

त्यानंतर कापडाचं काम आमच्याकडे येत राहिलं. उत्सवांचे, देवळांच्या जत्रांचे, कुस्त्यांचे पडदे मामंजी स्वतः छापत. फळीचं काम हे करत. मराठी किंवा संस्कृत मजकूर असला की मी. मामंजी बोर्डाला शेवटपर्यंत नावं ठेवत राहिले, पण आता ती त्यांच्या कारागिरीची नावं असत, खळ कुठं कमी, अंतर कुठं जास्त. पलटणीच्या घरांतल्या दोघी बायका दुपारी माझ्याकडे अक्षरं शिकायला येऊ लागल्या. त्यातली एक तर माझ्या आईच्या वयाची होती. तिला फक्त मुलाचं पत्र वाचायचं होतं. तो नोकरीनिमित्त पुण्याला असे. सहा महिन्यांनी तिनं ते वाचलं, आणि मग उत्तर लिहायला शिकायचं म्हणून आणखी सहा महिने आली.

पुढच्या वर्षीची एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. हे म्हणाले, "चल, बाजारातून जाऊन येऊ." नवराबायकोनं असं काही कामाशिवाय बाहेर पडायची आमच्यात पद्धत नव्हती. आत्याबाईंनीच मला दाराबाहेर ढकललं. आम्ही दोघं, मी दोन पावलं मागं, सबंध पेठेतून चाललो. नवीन वीज आलेल्या दुकानांत दिवे लागत होते. हे एकेका बोर्डासमोर थांबत आणि विचारत, "हा कसा वाटतो?" बरेचसे त्यांनीच केलेले होते. मी सांगायची, हा छान, हा गर्दीचा, ह्याचा पिवळा फार भडक. एका तांदळाच्या दुकानासमोर मी बराच वेळ थांबले.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"तिसरं अक्षर. उजवीकडे कललंय."

"कललं नाही."

"कललंय. दोन पावलं मागं या."

हे मागं माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. मान तिरकी करून बघत राहिले. मग हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत हे शिडी आणि निळ्या रंगाचं डबडं घेऊन बाहेर पडले, आणि नाश्त्याच्या वेळेपर्यंत ते अक्षर सरळ झालेलं होतं.